झाडीपट्टीची नाटके रात्रभर का जागवतात?

धानाची कापणी आटोपली, मळणी होऊन दाणा घरात आला की पूर्व विदर्भातील गावांना नाटकांचे वेध लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील वैनगंगेच्या खोऱ्याला तेथील जंगलामुळे ‘झाडीपट्टी’ हे नाव पडले. भाऊबीजेपासून होळीच्या सुमारापर्यंत या पट्ट्यात रात्री दहाच्या आसपास पडदा उघडतो आणि पहाट होईतो नाटक चालते. थंडीत शाली-चादरी पांघरून हजारो माणसे जागी राहतात, हसतात आणि उघडपणे रडतात. शहरी समीक्षक मात्र या नाटकांना बरीच वर्षे ‘भडक’ म्हणून बाजूला सारत आले. अभिनय भडक असतो, हे खरेच. पण केवळ भडकपणाने कोणी रात्रभर जागत नाही. या नाटकांचे बळ कोठे आहे, हे पाहायचे तर त्यांच्या मुळाशी जावे लागते.

दंडारीचा वारसा

आजचे नाटक येण्याआधी या भागात दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार रुजलेले होते. पुरुषच स्त्रीभूमिका करीत आणि कथानकाच्या ओघात गावातल्या घडामोडींवर टोमणे मारले जात. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या संशोधकांनी या परंपरेकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले. पुढे नाट्यमंडळ्या उभ्या राहिल्या आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्यांचे मुख्य केंद्र बनले. बोलपट आल्यावर उर्वरित महाराष्ट्रात संगीत नाटकाला ओहोटी लागली. झाडीपट्टीत मात्र ऑर्गन, तबला आणि गाणी यांसह नाटक टिकून राहिले.

याचे एक कारण व्यवहारात आहे. येथे नाटक मंडळी स्वतःहून गावात येत नाही, तर गाव तिला बोलावते. गावातील मंडळ प्रयोगाची रक्कम ठरवते, मंडप उभारते, तिकिटे विकते आणि नफा झाला तर अनेकदा तो गावाच्या कामी लावते. पूर्वी शंकरपटाच्या जोडीने नाटके ठरत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि २०२१ च्या अखेरीस त्यांना पुन्हा मुभा मिळाली. मधल्या काळात पट बंद होते, पण नाटके सुरूच राहिली.

रडू कोणासाठी येते?

दुसरे कारण प्रेक्षकांच्या बसण्यात आहे. मंडई आणि नाटकाच्या निमित्ताने लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला असतात, उपवर मुलामुलींची स्थळेही याच दिवसांत पाहिली जातात. म्हणजे मंडपात बसलेला समुदाय अनोळखी व्यक्तींचा नसतो, अख्खे गोत तेथे एकत्र बसलेले असते. रंगमंचावर दारूपायी उद्ध्वस्त झालेले घर असते, हुंड्यासाठी छळलेली सून असते, कर्जात बुडालेला शेतकरी असतो. बहिणीला परकी ठरवणाऱ्या भावाचे दृश्य सुरू असताना खाली भाऊ-बहीण शेजारी बसलेले असतात. घरात ज्या गोष्टीवर बोलता येत नाही, ती गोष्ट येथे परक्या पात्राच्या तोंडून सर्वांसमक्ष बोलली जाते. रडू येते ते पात्रासाठी, पण त्याची ओळख घरची असते.

कोरियातील बंद दार

लोकप्रिय, सनसनाटी साच्यात घरचे दुःख आणि समाजाचे दोष भरण्याची ही रीत दूरच्या देशातही दिसते. दक्षिण कोरियाच्या झोम्बीपटांनी अलीकडे जगाला जिंकले ते याच बळावर. २०१६ च्या योन सांग-हो दिग्दर्शित ‘ट्रेन टू बुसान’मध्ये पैशाच्या मागे लागलेला बाप लहानग्या मुलीला तिच्या आईकडे घेऊन निघतो आणि धावत्या गाडीत रोगाची लागण पसरते. त्या चित्रपटातील सर्वांत भयंकर प्रसंग जिवंत प्रेतांचा नाही. सुरक्षित डब्यातील धडधाकट प्रवासी जीव वाचवून आलेल्यांना दार उघडत नाहीत, तो आहे. २०१४ मध्ये ‘सेवोल’ हे जहाज बुडाले, जागेवरच थांबण्याची सूचना पाळणारी शाळकरी मुले मोठ्या संख्येने गेली आणि मृतांचा आकडा तीनशेच्या वर पोचला. त्या आठवणीने पोळलेल्या कोरियन समाजाला हे दार ओळखीचे होते. २०१९ च्या ‘किंग्डम’ या मालिकेत तर राजेशाहीतील उपासमारीतूनच साथ पसरते. मराठीत आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) टोलेजंग संकुल आणि शेजारची वस्ती यांना समोरासमोर उभे करून हीच वाट धरली.

भ्यालेल्या गर्दीची गोष्ट

झाडीपट्टीच्या नाटकाला भय दाखवण्यासाठी झोम्बीची गरज नाही. भ्यालेली गर्दी काय करते, हे या प्रदेशाला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच झाला होता. कायदा गुन्हेगाराला शिक्षा देऊ शकतो, पण बघ्यांच्या मनातील भीती काढण्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. अंधश्रद्धेवरील नाटक संशय घेणारा, संशयित आणि बघा या तिघांनाही एकाच मंडपात बसवते, हे त्याचे सामाजिक मोल आहे.

दारूचेही तसेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात महिलांच्या आंदोलनानंतर ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. सरकारी निर्णय येतात-जातात, पण दारूड्या नवऱ्याचे नाटक ज्या गावात होते, तेथे बायकांच्या बाजूने अश्रूंचे मतदान त्या रात्री होऊन जाते. नक्षलवादी आणि पोलीस या दोघांच्या धाकात जगणाऱ्या गावांचे जिणेही या रंगमंचावर येऊन गेले आहे.

मान आणि चिंता

या रंगभूमीला मान मिळू लागला आहे. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट याच विश्वावर आला. चिंतेची बाजूही आहे. कोरोनाकाळाने हंगामी कमाईवर जगणाऱ्या कलावंतांचे कंबरडे मोडले. नृत्याचे स्वस्त ‘हंगामा’ कार्यक्रम नाटकाच्या तारखा खाऊ लागले आहेत. ते बघायला गर्दी जमते, परंतु कुटुंब एकत्र बसत नाही, आणि जेथे बायका-मुले उठून गेली तेथे नाटकाचे अर्धे काम संपते. नाटक ठरवणारी गावची मंडळे तारीख कोणाला देतात, यावर या रंगभूमीचे पुढचे हंगाम अवलंबून आहेत. निवड अजून गावांच्याच हातात आहे.