ग्रंथालय कोणाचे? कोलकात्यापासून उत्तरपाड्यापर्यंत

सार्वजनिक ग्रंथालय हा प्रशासनातील अत्यंत दुर्लक्षित विषय आहे. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत रस्ते, पाणी, वसुली यांवर तासन् तास चर्चा होते. ग्रंथालयाचा विषय निघालाच तर तो अगदी अखेरीस, आणि तोही बहुधा थकलेल्या अनुदानाच्या निमित्ताने. मला मात्र कोणत्याही लहान गावात गेल्यावर तेथील वाचनालयाचा सूचनाफलक वाचावासा वाटतो. व्याख्यान कधी आहे, बालवाचकांची स्पर्धा केव्हा, नवी पुस्तके कोणती आली, वार्षिक सभा कोणत्या तारखेला, एवढे वाचले तरी गाव जागे आहे की नाही ते कळते. या सूचनाफलकामागे कोण उभे असते, हा प्रश्न प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कोलकाता आणि तिच्या उपनगरांचा इतिहास त्याची वेगवेगळी उत्तरे देतो.

पहिले उत्तर वर्गणीदारांचे. ऑगस्ट १८३५ मध्ये कलकत्त्यातील काही युरोपीय व भारतीय नागरिकांनी एकत्र येऊन कलकत्ता पब्लिक लायब्ररी काढण्याचे ठरविले. तीनशे रुपये देणारा तिचा भागधारक होई. द्वारकानाथ टागोर हे तिचे पहिले भागधारक. गव्हर्नर जनरल मेटकाफ यांनी फोर्ट विल्यम कॉलेजच्या संग्रहातील ४,६७५ ग्रंथ तिला दिले. गरीब विद्यार्थ्यांना ठरावीक काळ विनामूल्य वाचनाची सोयही ठेवली होती. पुढे प्यारीचंद मित्र यांच्यासारखा लेखक तिचा ग्रंथपाल झाला. परंतु पहिल्या पिढीचा उत्साह ओसरला, वर्गणीदार घटले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेटकाफ हॉलमधील हे ग्रंथालय मरगळले होते. लॉर्ड कर्झन यांनी भागधारकांचे हक्क विकत घेतले, सरकारी कचेऱ्यांतील ग्रंथसंग्रह त्यात मिळविला, आणि ३० जानेवारी १९०३ रोजी इंपीरियल लायब्ररी लोकांना खुली झाली. संस्था वाचली, पण ती शहराच्या हातून सरकारच्या हाती गेली. १९४८ च्या कायद्याने तिचे नाव राष्ट्रीय ग्रंथालय झाले, आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझाद यांनी अलीपूरच्या बेल्व्हेडिअर वास्तूत ती लोकांसाठी खुली केली.

दुसरे उत्तर कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील उत्तरपाडा या गावात सापडते. तेथील जमीनदार जयकृष्ण मुखर्जी (१८०८–१८८८) यांची कहाणी महसूल खात्यातील माणसाला विशेष रोचक वाटावी. ते तरुणपणी हुगळीच्या कलेक्टर कचेरीत अभिलेखपाल होते. जमिनीच्या कागदपत्रांचे जे ज्ञान तेथे मिळाले, त्यावर त्यांनी पुढे मोठी जमीनदारी उभी केली. १८५४ मध्ये गावात सार्वजनिक ग्रंथालय काढण्याचा प्रस्ताव त्यांनी बर्दवान विभागाच्या आयुक्तांकडे पाठविला. खर्चाचा वाटा उचलण्याचीही तयारी दाखविली. सरकारने नकार दिला. तेव्हा त्यांनी नदीकाठी स्वतःच्या खर्चाने भव्य इमारत बांधली आणि १८५९ मध्ये ग्रंथालय सुरू केले. इंग्लंडमधील सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा १८५० चा, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. एखाद्या फाईलवरील नकारामुळे चांगले काम थांबतेच असे नाही. मात्र नकार देणाऱ्याचे नाव कोणी आठवत नाही, हे आम्हा अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

हे ग्रंथालय केवळ पुस्तकांचे कोठार राहिले नाही. मायकेल मधुसूदन दत्त आपल्या अखेरच्या दिवसांत, १८७३ मध्ये, सहकुटुंब येथे राहिले होते. अलीपूर खटल्यातून सुटल्यावर अरविंद घोष यांनी ३० मे १९०९ रोजी आपले प्रसिद्ध उत्तरपाडा भाषण याच परिसरात केले. हे तेच अरविंद, ज्यांनी १८९३ पासून तेरा वर्षे बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात नोकरी केली. त्याच सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून खेडोपाडी वाचनालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला.

त्याच काळात ब्रिटिश सरकार मात्र पुस्तकांकडे संशयाने पाहत होते. सखाराम गणेश देऊस्कर या मराठी घराण्यातील लेखकाने बंगालीत लिहिलेला 'देशेर कथा' हा ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९१० मध्ये जप्त झाला. एक राज्यकर्ता गावोगाव पुस्तके पाठवीत होता, दुसरा ती जप्त करीत होता.

तिसरे उत्तर कायद्याचे, आणि येथे महाराष्ट्र व बंगाल यांची तुलना उद्बोधक आहे. आपल्याकडे रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. भारतातील पहिला ग्रंथालय कायदाही १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला. १९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने संस्था लोकांच्या ठेवल्या आणि शासनाने अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान द्यावयाचे ठरविले. बंगालमध्ये १९२५ साली रवींद्रनाथांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय परिषद स्थापन झाली, पण कायदा १९७९ मध्ये आला. तेथील सुमारे अडीच हजार ग्रंथालयांच्या सेवकांचा भार मुख्यतः शासनाने उचलला. उत्तरपाड्याचे ग्रंथालयही स्वातंत्र्योत्तर काळात शासनाच्या ताब्यात गेले.

दोन्ही पद्धतींची किंमत मोजावी लागली. बंगालमध्ये ग्रंथपालाला रीतसर वेतन मिळाले. पण तो निवृत्त झाला आणि पद भरले गेले नाही की दाराला कुलूप लागते, कारण किल्ली आता गावाकडे नसते. अशी रिक्त पदे तेथे फार झाली. महाराष्ट्रात किल्ली गावाकडे राहिली, पण सेवकाला तुटपुंज्या मानधनावर राबावे लागते, आणि काही ठिकाणी अनुदानापुरते वाचनालय कागदावर जगते. माझ्या मते वेतनाची हमी शासनाने द्यावी, कार्यक्रम व ग्रंथनिवड स्थानिक समितीकडे असावी, आणि जमाखर्च दरवर्षी त्याच सूचनाफलकावर लावला जावा. पैसा आणि आपलेपणा यांपैकी एकच निवडण्याची वेळ गावावर येऊ नये.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार पुण्यात वा नागपुरात छापलेल्या प्रत्येक मराठी पुस्तकाची एक प्रत प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठविली पाहिजे. मूळ कायद्याने ठरविलेला दंड पन्नास रुपये व पुस्तकाची किंमत एवढाच असल्याने पुष्कळ प्रकाशक ते मनावर घेत नाहीत. तरीही तेथे मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात जमणाऱ्या कोलकात्याच्या मराठी मंडळींना आपल्या भाषेचा एवढा मोठा ठेवा हाकेच्या अंतरावर लाभला आहे.

आपण ज्या गावी असाल तेथील ग्रंथालयाचे सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, मराठी पुस्तकांची मागणी लेखी नोंदवा. मागणीच्या नोंदवहीत सह्या नसतील, तर अनुदान आणि पदे कमी करण्यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याला दुसरे कारण शोधावे लागत नाही.