परभणी जिल्ह्यातील घरभाडे-व्यवहार

आपल्या मालकीची वास्तू निश्चित मोबदल्यात दुसऱ्यास राहण्यासाठी वा धंद्यासाठी देऊन उत्पन्न मिळविणे, यास घरभाडे-व्यवहार म्हणतात. परभणी जिल्ह्यात भाड्याच्या जागेची मागणी मुख्यतः नागरी वस्तीत आढळते. परभणी व पूर्णा ही लोहमार्ग-प्रस्थानके, मानवत व सेलू येथील कापसाच्या बाजारपेठा, तसेच परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ यांमुळे नोकरदार, व्यापारी व विद्यार्थी यांस भाड्याची जागा लागते. राहत्या घरावर मजला चढवून किंवा रस्त्यालगत गाळा बांधून लहान मालक या व्यवहारात प्रवेश करतो. त्याची आयुष्यभराची बचत व भाडेकरूचे छप्पर अशी दोन हिते येथे समोरासमोर येतात. त्यांतील समतोल हाच भाडेनियंत्रणाचा विषय होय.

इतिहास : मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ च्या अधिनियमाने आले. पुढे १९४७ च्या मुंबई अधिनियमाने ते अधिक व्यापक झाले. परभणी जिल्हा मात्र हैदराबाद राज्यात असल्याने तेथे हा अधिनियम लागू नव्हता. हैदराबाद राज्याने १९५४ मध्ये घरांचे भाडे, निष्कासन व पट्टा यांसंबंधी स्वतंत्र अधिनियम केला. त्यानुसार वाद भाडेनियंत्रकापुढे चाले. भाडे थकविणे, संमतीविना पोटभाडेकरू ठेवणे, मालकास स्वतःसाठी घराची खरी गरज असणे, यांसारखे कारण सिद्ध झाल्याशिवाय भाडेकरूस काढता येत नसे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण भाड्याचे कायदे एक झाले नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबादचा अधिनियम, अशी त्रिविध व्यवस्था सुमारे चार दशके टिकली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, मुंबई अधिनियमातील गोठविलेले प्रमाणभाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले असल्याचे मत दिले. त्यानंतर केलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला व तिन्ही कायदे निरस्त झाले.

विद्यमान व्यवस्था : नव्या अधिनियमाने मालकास दरसाल ४ टक्के भाडेवाढीचा हक्क दिला. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. स्वतःच्या गरजेसाठी घर मागताना मालकाची गरज खरी असली, तरी हुकूमनाम्याने भाडेकरूस अधिक हाल सोसावे लागतील असे दिसल्यास न्यायालय तो देत नाही. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी होय. पाणी, वीज आदी आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडणे अवैध आहे. भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे.

नवख्या मालकाच्या दृष्टीने कलम ५५ विशेष महत्त्वाचे आहे. त्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. करार तसा नसल्यास भाड्याच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी विश्वासावर, विशेषतः नात्यातील वा ओळखीच्या माणसास घर देण्याच्या पद्धतीत मालकाचा तोटा होतो, तो येथे. राहण्यासाठी ठराविक मुदतीचा अनुज्ञा-करार (लीव्ह अँड लायसन्स) केल्यास मुदत संपल्यावर कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो व ताबा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून घर बांधण्याइतकेच, ते कोणत्या लेखाने द्यावयाचे हे आधी ठरविणे आवश्यक ठरते.