चांद्याची अरण्ये आणि शिकारी रायफलीचा नेम

रायफलीच्या अचूकपणाचा इतिहास बहुधा सैन्याच्या व चांदमारीच्या मैदानाच्या संदर्भात लिहिला जातो. परंतु मैदानावरील अचूकपणा आणि अरण्यातील अचूकपणा या दोन भिन्न गोष्टी होत. जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या, साग-बांबूच्या वनांचा विचार करता हा भेद विशेष स्पष्ट होतो.

नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्यप्रांतात चांद्याचा समावेश झाला. याच प्रांतात अधिकारी असलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने 1863 मध्ये शिकारी रायफलीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची भटकंती मुख्यतः सातपुड्यात झाली. तथापि त्याने मांडलेला प्रश्न चांद्याच्या वनांसही तितकाच लागू पडतो.

मैदानावर निशाणाचे अंतर मोजलेले असते. बांबूच्या बेटांतून क्षणभर दिसणाऱ्या जनावराचे अंतर केवळ अदमासाने ठरवावे लागते. गोळीला 100 यार्ड जाण्यास 0.3 सेकंद लागल्यास ती त्या अवधीत सुमारे 17 इंच खाली येते; 0.2 सेकंद लागल्यास सुमारे 8 इंचच. अर्थात गोळी जितकी वेगवान, तितकी अंतराच्या अदमासातील चूक कमी बाधते.

वेग वाढविण्यास दारू अधिक हवी. पण नळीतील खाचांचा पीळ जलद असल्यास अधिक दारूच्या धक्क्याने शिशाची वाटोळी गोळी त्या खाचांत न फिरता सरळ घसरत निघे व नेम बिघडे. यावर फॉर्सिथने उथळ खाचा आणि अतिशय मंद पीळ, 104 इंचांत एक फेरा, हा उपाय पुरस्कारिला. दूरच्या निशाणावरील सूक्ष्म अचूकपणा काहीसा सोडून जवळच्या अंतरावरील निश्चिती साधावी, असे या निवडीचे स्वरूप होते.

पुढे धूरविरहित दारू आली, तरी रायफल स्थानिक परिस्थितीशी जुळविण्याचा प्रश्न संपला नाही. दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी पडाव्यात म्हणून कारागीर त्या नळ्या विशिष्ट काडतुसासाठी जुळवीत. काडतूस बदलले की तो मेळ मोडे. कॉर्डाइट दारूचा दाब उष्णतेने वाढतो, म्हणून उष्ण देशांकरिता किंचित कमी दारूची काडतुसे निराळी बनविली जात. चांद्याच्या उन्हाळ्यात ही बाब गौण नव्हती. म्हणूनच नवी रायफल टेकूवर ठेवून त्याच काडतुसांनी अनेक गोळ्या झाडणे, एका गोळीवरून नव्हे तर त्यांच्या समूहावरून निष्कर्ष काढणे, आणि मग मागील खाच ज्या दिशेस गोळी हवी त्या दिशेस, किंवा पुढील माशी तिच्या उलट दिशेस, सरकविणे आवश्यक असे. तेल लावलेल्या थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी पुष्कळदा इतरांपासून दूर पडते. शिकारीत तर पहिल्याच गोळीवर सर्व अवलंबून असते.

या खटाटोपास केवळ हौस म्हणता येणार नाही. नेम चुकून वाघ किंवा गवा जखमी झाला, तर तो दाट बेटात शिरे. मचाणावरील शिकारी काही काळ सुरक्षित असे. जमिनीवरील हाकारे व माग काढणारे, बहुधा गोंड आणि इतर वनवासी, यांना मात्र ते संरक्षण नसे. 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांस परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास मनाई झाली होती, युरोपियनांस नियमान्वये सूट होती. ज्यांच्या हाती रायफल नव्हती, त्यांनाच तिच्या दोषाचे मोल प्रथम द्यावे लागे.

ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचे ते युग संपले. त्या युगातील रायफलीचा विचार यंत्रकौशल्य म्हणून करताना, नळीचा पीळ व माशीची जागा यांचा संबंध कागदावरील छिद्रांइतकाच माणसांच्या जिवाशी होता, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.