फळ्यावर लिहिलेला हिशोब



नालासोपारा म्हटलं की आपल्याला लोकलची गर्दी आठवते. पण हेच जुनं शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या सोपाऱ्याचं नाव नाशिकच्या पांडवलेण्यांतही कोरलेलं आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने जिथे धर्मशाळा बांधल्या, त्या गावांत ते आहे. त्याच दहाव्या लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखाबद्दल आज लिहायचं आहे. गोष्ट सुमारे १९०० वर्षांपूर्वीची.

उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. कुठे? राजाच्या खजिन्यात नाही, तर गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एकीकडे २,००० नाणी, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,००० नाणी, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

मी बी.कॉम., त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. २,००० वर वर्षाला २४० व्याज. वर्षावासाला राहणारे भिक्षू वीस, प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा. बरोबर २४०! एक नाणं इकडचं तिकडे नाही. उरलेल्या हजाराचं व्याज भिक्षूंच्या इतर खर्चाला.

माग चालवणारी साधी माणसं ती. तरी राजाच्या जावयाने कायमचं मुद्दल त्यांच्याकडे ठेवलं, ही केवढी पत! ही पत कशी टिकत असेल, त्याची खूण लेखाच्या शेवटी आहे. हा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे फळ्यावर लिहून ठेवला. देणं किती, कोणाला, हे गावाला ठाऊक. मग लपवणार काय?

हे वाचलं आणि आमचा फळा आठवला. वसई पूर्वेला आमचा छोटा गाळा होता. हे मशीन बघायचे, मी वह्या. कामाला माणसं तेवीस, मस्टरवर एकोणीस. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो ना! "सगळेच असं करतात," हे म्हणायचे, आणि मस्टर माझ्या अक्षरात असायचं. त्या चौघांतला एक अकरा वर्षं राबून गावी गेला. हातात शेवटचा पगार आणि मिठाईचा पुडा. त्याच वर्षी आम्ही मंदिरात मोठ्या रकमेची बोली घेतली होती.

अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपल्याला पाठ आहेत: चोराला साथ, चोरीचा माल, राज्याचा नियम मोडणं, खोटं माप, भेसळ. तिसरा मी रोज करत होते, आणि संध्याकाळी प्रतिक्रमणही.

पुढच्या पर्युषणात मी यांच्यासमोर मस्टर ठेवलं. खूप वाद झाला. नफा घटला, एक मशीन दोन वर्षं पुढे गेलं. पण उरलेली सगळी नावं चढली. गावी गेलेल्याला शोधून त्याची रक्कम पाठवली; ती उशिराच पोहोचली, हे मान्य करते.

दान नंतर, सख्यांनो. आधी ज्यांचं देणं आहे त्यांची नावं फळ्यावर येऊ द्या.