न मिटलेला संप

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पुस्तकांत तो सामंत, मालक आणि सरकार यांचा लढा म्हणून येतो. लालबागच्या आमच्या चाळीत मात्र मी तो बायकांच्या तोंडून ऐकला. आजोबा साचेखात्यात होते. पगार थांबला तेव्हा आजीनं मंगळसूत्र गहाण टाकलं आणि जेवणाचे डबे सुरू केले. बाबांचं आणि आत्याचं शिक्षण त्यावरच झालं. कामगार हरले, असं इतिहास सांगतो. पण ज्या कमाईवर त्यांची घरं तगली, तिची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नाही.