हात न देण्याचा हक्क

'सँक्चुअरी' हा शब्द मुळात चर्चमधला. वेदीपाशी पोहोचलेल्या अपराध्याला राजाचे शिपाई हात लावणार नाहीत, ही युरोपातील जुनी रूढी त्यात साठलेली आहे. त्यामुळे अमेरिकेतील एखाद्या राज्याला 'सँक्चुअरी राज्य' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे एक तटबंदी उभी राहते. आत शिरलेला सुरक्षित, बाहेरचा शिपाई हतबल. प्रत्यक्षात ओरेगॉन, कॅलिफोर्निया, इलिनॉय या राज्यांच्या कायद्यांत असे काहीही नाही. संघीय सरकारचे (आपल्या भाषेत केंद्राचे) आप्रवासन अधिकारी तेथे जाऊ शकतात, परवान्याविना राहणाऱ्यांना पकडू शकतात, पकडतातही. कायद्याचे म्हणणे एवढेच, की या कामी आमचा पोलीस, आमचा तुरुंग आणि आमचा पैसा वापरू नका. याला आश्रय म्हणणे चूक आहे. हा असहकार आहे. त्याचे मूळ आम्हाला चर्चच्या वेदीपाशी सापडत नाही, बॉस्टनच्या एका तुरुंगाच्या दाराशी सापडते.

१ मार्च १८४२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया' या खटल्याचा निकाल दिला. एडवर्ड प्रिग आणि त्याच्या साथीदारांनी १८३७ साली मार्गारेट मॉर्गन या स्त्रीला मुलांसह पेनसिल्व्हेनियातून उचलून मेरीलँडमध्ये नेले होते. पेनसिल्व्हेनियाच्या १८२६च्या कायद्यानुसार हे अपहरण होते. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. पळालेला गुलाम परत मिळण्याचा मालकाचा हक्क घटनेनेच दिलेला आहे, राज्याला त्याच्या आड येता येणार नाही, असा त्यांचा निर्णय. पण त्याच निकालपत्रात त्यांनी एक फट ठेवली. हे काम संघीय सरकारचे आहे, तेव्हा ते पार पाडण्यासाठी राज्याला आपले अधिकारी राबवण्याची सक्ती करता येणार नाही. स्टोरींच्या मुलाने पुढे वडिलांचे चरित्र लिहिले. या निकालाकडे वडील स्वातंत्र्याचा विजय म्हणून पाहत, असे तो त्यात सांगतो. पितृभक्ती म्हणून ते ठीक. मार्गारेट मॉर्गनच्या पदरात त्या विजयाचा कणही पडला नाही.

फट उघडली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. व्हर्जिनियातील नॉरफोकहून जॉर्ज लॅटिमर आणि त्याची गरोदर पत्नी रेबेका पळून बॉस्टनला आले. मालक पाठोपाठ आला आणि लॅटिमरला अटक झाली. तो ज्या तुरुंगात होता तो स्थानिक, पहारेकरीही स्थानिकच. मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांच्यापुढे त्याच्या सुटकेचा अर्ज आला. शॉ स्वतः गुलामगिरीचे विरोधक होते. प्रिगच्या निकालाकडे बोट दाखवून त्यांनी अर्ज फेटाळला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे शॉ वेगळ्या नात्याने ठाऊक असतील. हर्मन मेलव्हिलचे ते सासरे; त्याने आपले पहिले पुस्तक 'टायपी' (१८४६) त्यांनाच अर्पण केले आहे. मेलव्हिलच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बिली बड'मधला कॅप्टन व्हिअर, म्हणजे मनाचा कौल एकीकडे आणि हातातला कायदा दुसरीकडे अशा पेचात सापडून कायद्याच्या बाजूने फाशी सुनावणारा अधिकारी, याच्यात शॉ यांची छाया आहे, असे रॉबर्ट कव्हर या विधिज्ञाने १९७५ साली मांडले. आम्हाला हे वाचन पटते, पण एक गोष्ट त्यातून निसटते. व्हिअरच्या जहाजावर दोनच वाटा होत्या. बॉस्टनला तिसरी सापडली.

ती न्यायालयात सापडली नाही. लॅटिमरला तुरुंगात ठेवण्याविरुद्ध शहरात एवढा क्षोभ उसळला, की महिनाभरातच मालकाने ४०० डॉलर घेऊन त्याच्यावरचा हक्क सोडला. त्यानंतर ६०,०००हून अधिक सह्यांचा अर्ज विधिमंडळात गेला आणि १८४३ साली कायदा झाला. मॅसॅच्युसेट्सचा कोणताही अधिकारी पळालेल्या गुलामाच्या अटकेत भाग घेणार नाही, राज्याचा कोणताही तुरुंग त्यासाठी वापरला जाणार नाही. लोक त्याला 'लॅटिमर कायदा' म्हणू लागले. (जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ज्या सदाचारी अमेरिकन लोकांना अर्पण केली, त्यांत या सह्या करणाऱ्यांची गणना करायला हरकत नसावी.) या कायद्याची भाषा पाहण्यासारखी आहे. तो गुलामाला मुक्त करत नाही, संघीय कायदा खोटा आहे असेही म्हणत नाही. तो फक्त स्वतःचे हात काढून घेतो.

हात काढून घेण्याने किती साधते? १८५० साली काँग्रेसने उत्तर दिले. नव्या कायद्याने संघीय आयुक्त नेमले; माणूस मालकाच्या हवाली केला तर आयुक्ताला १० डॉलर, सोडून दिला तर ५. 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) या कायद्याच्या संतापातून लिहिली गेली, हे सर्वज्ञात आहे. १८५४ साली बॉस्टनमधूनच अँथनी बर्न्स याला सैन्याच्या पहाऱ्यात बंदरापर्यंत चालवत नेले गेले आणि राज्याचा असहकार काठावर उभा राहून पाहत राहिला. त्याच वर्षी ४ जुलैला थोरोने फ्रेमिंगहॅम येथे आपल्या राज्यावर जे भाषण केले ते या अपमानातले आहे. राज्याने १८५५ साली कायदा आणखी कडक केला. पण विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने याहून पुढे जाऊन १८५०चा कायदाच अवैध ठरवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १८५९ साली तो निर्णय उलटवला. म्हणजे मर्यादा स्पष्ट झाली: मदत नाकारता येते, अडवता येत नाही. आणि एवढ्या मर्यादित शस्त्राचेही घाव किती लागले होते ते डिसेंबर १८६०मध्ये दिसले. दक्षिण कॅरोलिनाने फुटून निघताना जी कारणे जाहीर केली, त्यांत उत्तरेकडील राज्यांच्या या कायद्यांची तक्रार ठळकपणे होती. एरवी राज्यांच्या हक्कांचा घोष करणाऱ्या दक्षिणेची ही तक्रार!

पुढचे शतक ओलांडून एकदम १९७९ साली लॉस एंजेलिसला येऊ. तेथील पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स हे कठोरपणाबद्दल प्रसिद्ध. त्यांना उदारमतवादी म्हटले असते तर राग आला असता. त्यांच्याच खात्याने 'विशेष आदेश ४०' काढला, की कोणाचा आप्रवासन दर्जा शोधण्याच्या हेतूने पोलिसांनी कारवाई सुरू करू नये. हिशेब सरळ होता. पोलीस म्हणजे हद्दपारी असे समीकरण झाले, तर लुटला गेलेला माणूस तक्रार द्यायला येत नाही आणि खुनाचा साक्षीदार तोंड उघडत नाही. ओरेगॉनमध्ये १९७७ साली एका उपाहारगृहात पोलिसांनी मेक्सिकन वंशाच्या ज्या गिऱ्हाइकांना कागदपत्रांसाठी हटकले, त्यांत एक अमेरिकन नागरिक निघाला. त्याचे वकील पुढे विधिमंडळात निवडून आले आणि १९८७ साली राज्यव्यापी कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. २०१८ साली तो रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि मोठ्या फरकाने पडला.

आजच्या न्यायालयांत या कायद्यांची ढाल आहे ती मात्र तिसऱ्याच लोकांनी घडवलेली. १९९३च्या ब्रेडी कायद्याने बंदूक विकत घेणाऱ्याची चौकशी स्थानिक पोलीसप्रमुखांवर सोपवली. माँटानातील शेरीफ जे प्रिंट्झ न्यायालयात गेले आणि १९९७ साली न्यायमूर्ती स्कालिया यांनी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की संघीय कार्यक्रम राबवण्यासाठी राज्याच्या अधिकाऱ्यांना जुंपता येत नाही. प्रिगमध्ये गुलामांच्या मालकाने जिंकता जिंकता जे सोडले होते, ते प्रिंट्झमध्ये बंदुकांच्या कैवाऱ्यांनी पक्के केले. २०१७च्या कॅलिफोर्निया कायद्याचा बचाव याच आधारावर टिकला. ही तुलना आम्ही इथेच थांबवतो. परवान्याविना आलेला कामगार म्हणजे गुलाम नव्हे, आणि सीमा राखण्याचा देशाचा अधिकार मालकीहक्काच्या पंक्तीला बसवता येणार नाही. वारसा सांगायचा तो केवळ या नकाराच्या घडणीचा. ही घडण कोणा एका पक्षाची नसल्यामुळे ती उलटही फिरते. टेक्ससने २०१७ साली आणि फ्लोरिडाने २०१९ साली स्थानिक पोलिसांना सहकार्य बंधनकारक करणारे कायदे केले, कारण राज्याचे हात द्यायचे की नाही हे राज्यच ठरवते.

व्यवहारात वाद बहुधा एका कागदाभोवती फिरतो. एखाद्याला किरकोळ गुन्ह्यात अटक झाली की त्याच्या बोटांचे ठसे संघीय यंत्रणेकडे आपोआप जातात. ते राज्याला रोखता येत नाही. मग आप्रवासन खात्याकडून तुरुंगाला विनंती येते, की या माणसाची सुटका झाली तरी आणखी ४८ तासांपर्यंत त्याला थांबवून ठेवा. ही विनंती आहे, हुकूम नाही, असे फिलाडेल्फियाच्या संघीय अपील न्यायालयाने २०१४ साली सांगितले. थांबवून ठेवण्याचा अधिकार तरी आहे का, हा प्रश्न २०१७ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. केवळ अशा दिवाणी विनंतीवरून माणसाला कोठडीत ठेवण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने कोणत्याही अधिकाऱ्याला दिलेला नाही, असा निर्णय झाला. तीस वर्षे लेम्युएल शॉ ज्याचे सरन्यायाधीश होते, ते हेच न्यायालय.

२०२५ साली संघीय सरकारने इलिनॉय राज्य आणि शिकागो शहर यांच्यावर त्यांच्या कायद्यांबद्दल दावा लावला. जुलैमध्ये शिकागोच्या संघीय जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संघीय अधिकारी मोठ्या संख्येने त्या शहरात उतरले आणि राज्याच्या पोलिसांची वाट न पाहता त्यांनी माणसे पकडायला सुरुवात केली.