स्टंप आणि कलम ८७

जानेवारी १९९१. जमशेदपूर, दुलीप करंडकाची फायनल, पश्चिम विभाग विरुद्ध उत्तर विभाग. (आमचं यवतमाळ विदर्भात, म्हणजे मध्य विभागात. त्यामुळे मी तटस्थ!) बाचाबाची झाली आणि पश्चिमेचा गोलंदाज रशीद पटेल स्टंप उपटून रमण लांबाच्या अंगावर धावला. बोर्डाने पटेलवर १३ महिन्यांची बंदी घातली, लांबावर १०.

हेच यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर झालं असतं तर लोकांनी थेट पोलीस बोलावले असते. मग मोठ्या मैदानाला वेगळा न्याय का?

खरं तर १८६० च्या दंड संहितेत उत्तर आहे. कलम ८७ मधलं उदाहरणच तलवारबाजीच्या खेळाचं: दोघे राजीखुशीने खेळले आणि लबाडी न करता इजा झाली, तर गुन्हा नाही. २०२४ पासून हेच न्याय संहितेचं कलम २५.

कॅनडात आइस हॉकीच्या सामन्यात टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारला, २००४ साली. मूरची कारकीर्द तिथेच संपली. बर्टुझीने कोर्टात गुन्हा कबूल केला; वर्षभर प्रोबेशन, ८० तास समाजसेवा. बस्स!

आणि लांबा? १९९८ मध्ये ढाक्यात, हेल्मेटविना शॉर्ट लेगला उभा असताना चेंडू डोक्याला लागून तो गेला. जीव गेला, तरी गुन्हा नाही. चेंडूची जोखीम त्याने पत्करली होती. स्टंपची नव्हती.

प्रश्न इजा किती झाली हा नाही, संमती कशाला होती हा आहे. बंदी बोर्डाने जरूर घालावी. पण मला विचाराल तर, स्टंप उगारणाऱ्याची गाठ पोलिसांशीही पडायला हवी.